परतीची दोन वाक्यं

रंगाच्या दुकानावरच्या वाचनालयात उन्हाळ्याच्या तोंडाशी जो कुणी चढून जायचा, तो मनाची तयारी करूनच जायचा. जिन्यात टर्पेंटाइनचा वास, वर जुन्या कागदांचा, आणि या दोन वासांच्या पलीकडे, काउंटरमागच्या उंच स्टुलावर, हुकूमबाई. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण ज्याने ठेवलं त्याने विचार करून ठेवलं. बाई पुस्तक देत नसत, हुकूम सोडत.

"बाई, सुट्टीत वाचायला काहीतरी हलकंफुलकं द्या ना."

"हलकंफुलकं? गेल्या खेपेचं जड झालं का? त्यात तर चित्रं होती."

मागे रांगेत खसखस पिकायची. ज्याच्यावर पिकायची तो हसल्यासारखं करून वेळ मारून न्यायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रांगेत उभा राहायचा. कारण एक गोष्ट त्यांच्या शत्रूलाही कबूल करावी लागेल. बाईंची निवड चुकत नसे.

शाळांना सुट्ट्या लागल्या की प्रत्येक सभासदाला तीन पुस्तकं सुतळीने बांधून मिळत. कोणती ते बाई ठरवणार. गाठ घरी जाऊन सोडायची, बदलून मागायची नाहीत. उन्हाळी वाचनाचं त्यांचं एक शास्त्रच होतं. दुपारी पडून वाचायच्या पुस्तकात माणसं कमी हवीत, नाहीतर डुलकी लागून जाग आली की कोण कुणाचा मेहुणा ते आठवत नाही. प्रवासाच्या पुस्तकात प्रकरणं लहान हवीत. पंख्याखाली वाचायचं असेल तर बर्फाळ मुलखातलं द्यावं. घरात सासू राहायला आली असेल तर भुताचं द्यावं, म्हणजे तुलना करायला बरं पडतं. आणि नवराबायकोंना एकच पुस्तक कधीही देऊ नये, कारण आधी कुणी वाचायचं यावरून दोघं भांडतात आणि पुस्तकाची पानं सुटतात. हे सगळं त्या भर काउंटरवर, ज्याच्या घरी सासू आलेली असेल त्याच्या तोंडावर सांगत.

आणि परत करायला येणाऱ्याला सुटका नव्हती. पुस्तक काउंटरवर ठेवायचं आणि दोन वाक्यं बोलायची. पुस्तक कसं होतं, कुणी वाचावं. 'छान होतं' हे वाक्य म्हणून धरलं जात नसे. तिसरं वाक्य सुरू झालं की बाई हात वर करत, "झालं, व्याख्यान नको." कधीकाळी हा नियम त्यांनी केला तो लोक पुस्तक खरंच वाचतात की उशाला घेतात ते पाहायला. पण गेली काही वर्षं त्याच नियमावर त्यांचं सगळं दुकान चाललं होतं, कारण बाईंना वाचता येत नव्हतं.

अक्षरशत्रू नव्हत्या हो. उलट त्या वाचनालयातलं जुनं पुस्तकन् पुस्तक त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. पण त्याच डोळ्यांच्या मधोमध आता डाग पडला होता. कडेचं दिसे: रंग, हालचाल, दाराची चौकट. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं पुसलं जाई. डॉक्टरांनी दिव्याखाली बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, "चष्म्याने काही होणार नाही. वाचन आता विसरा." बाई तिथून उठल्या त्या सरळ काउंटरवर येऊन बसल्या आणि कुणाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. संस्थेच्या समितीतले तिघे म्हातारे महिन्यातून एकदा चहा प्यायला येत आणि जाताना न चुकता म्हणत, "बाई, आता विश्रांतीचं बघा." डोळे गेल्याचं कळलं असतं तर त्यांनी बाईंच्या गळ्यात हार घातला असता, चार शब्द गोड बोलले असते, आणि दुसऱ्या दिवशी स्टुलावर कुणाची तरी पुतणी बसवली असती.

बाई माणसांना आवाजावरून, पावलांवरून ओळखू लागल्या. जुनी पुस्तकं हाताला पाठ होती. नोंद करायची वेळ आली की "तुम्हीच लिहा, हात मोडलेत का?" असं खेकसलं की भागत असे. नव्या पुस्तकांचं मात्र अवघड होतं. ती त्या एखाद्या बऱ्या वाचकाच्या हातात ठेवत. "कोरं आहे. तुम्ही पहिले. मान समजा." तो फुलून जायचा, वाचून आणायचा, दोन वाक्यं बोलायचा. मग त्या दोन वाक्यांना बाई आपलं तिखटमीठ लावून पुढच्याला ऐकवत. गावाचंच मत गावाला परत मिळत होतं आणि गाव म्हणत होतं, बाईंचं वाचन काय दांडगं आहे! झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही अशी.

एवढी मूठ झाकलेली असताना माणसाने जीभ तरी झाकून ठेवावी. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

खालच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. एकटा जीव, वाचायचे फक्त खुनाच्या कथा. दुकान बंद करून यायचे, एक खून न्यायचे, दुसऱ्या आठवड्यात परत आणून खुनी कोण हे न सांगता नेमकी दोन वाक्यं बोलायचे. एकदा कसं कोण जाणे, त्यांच्या मनाने घेतलं की आपणही मोठं काहीतरी वाचावं. त्या दिवसांत एका जाडजूड कादंबरीचा गवगवा होता. घड्याळजींनी नवा शर्ट घातला होता, हे विशेष. रांगेत उभे राहून ते म्हणाले, "बाई, या खेपेला ती मोठी कादंबरी द्या म्हणतो."

"तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "ती माणसांबद्दल आहे हो. त्यात लोक शेवटपर्यंत जिवंत असतात. तुम्हाला करमायचं नाही. तुम्ही आपली मढी मोजा."

अख्खी खोली हसली. घड्याळजी हसले नाहीत. ते खाली गेले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन मुकाट्याने खून घेऊन गेले. बाईंना वाटलं, विसरला. बारीक स्क्रू चिमट्यात धरून तासन् तास बसणारा माणूस कधी काही विसरत असतो का?

मग एकदा वाचनालयातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून घड्याळजींनी ते उतरवून दुकानात नेलं. दोन दिवसांनी ते पुस्तक बदलायला वर आले. भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता गोल, फिकट डाग होता. बाईंनी सवयीने मान वर करून त्या डागाकडे बघितलं आणि टाळी वाजवली. "चला, सात वाजत आले, आटपा!" सात वाजतच आले होते, खिडकीतल्या उजेडावरून त्यांचा अंदाज कधी चुकत नसे. घड्याळजींनी डागाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाकीचे माना खाली घालून पुस्तकं चाळत होते. त्या दिवसापासून ते बाईंशी फार गोड वागू लागले.

या उन्हाळ्याआधी नव्या पुस्तकांचं खोकं आलं. त्यात एक पिवळ्याधमक कव्हरचं होतं. तेवढा रंग बाईंना कडेने दिसला आणि आवडला. "घ्या घड्याळजी, कोरं आहे. मढी नसतील बहुतेक, पण वाचून बघा."

घड्याळजींनी ते वाचलं. एक कुटुंब सुट्टीत नावेतून लांबच्या सहलीला निघतं. पोहता न येणारे आजोबा, यादी करून भांडणाऱ्या दोन आत्या, सतत भुकेला काका, आणि सगळ्यांच्या मांडीवरून मांडीवर फिरणारं शेंडेफळ. निम्मं पुस्तक हसवून हसवून जीव घेतं. बरोबर मध्यावर ते शेंडेफळ पाण्यात पडतं आणि सापडतं ते मेलेलं. उरलेलं निम्मं पुस्तक त्या पोराच्या आईचं आहे.

घड्याळजींनी पुस्तक परत आणलं, काउंटरवर ठेवलं, आणि रीतसर दोन वाक्यं बोलले. "हसून हसून पोट दुखलं बाई. मन उदास असलेल्या माणसाने उन्हाळ्यात वाचावं तर असं."

त्यांचा हिशोब साधा होता. बाई हे पुस्तक कुणालातरी हलकंफुलकं म्हणून देतील, तो माणूस तणतणत परत येईल, भर रांगेत बाईंना झापेल, बाईंचं तोंड उतरेल, आणि ते बघायला आपण मागे उभे असू. एवढंच. आंधळं दळत होतं, कुत्र्याने पिठात तोंड घातलं होतं.

त्याच आठवड्यात बाईंची भाची राहायला आली.

बाईंना स्वतःचं असं कुणी नव्हतं. होती ती ही एक भाची, धाकट्या बहिणीची. लहानपणीच्या साऱ्या सुट्ट्या तिने मावशीच्या त्या दोन खोल्यांत, पलंगावर पालथं पडून वाचत काढल्या होत्या. लग्न झालं, मूल झालं. आणि सरत्या थंडीत ते दुडुदुडू चालायला लागलेलं पोर चार दिवसांच्या तापात गेलं. भाची रडली नाही. रडली नाही म्हणून घरचे घाबरले आणि तिला म्हणाले, जा, मावशीकडे जाऊन ये. ती आली, बॅग कोपऱ्यात ठेवली, आणि खिडकीशी बसली ती बसलीच. बाई भात वाढत, ती खाई. बाई झोप म्हणत, ती डोळे मिटे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती आपणहून बोलली. "मावशी, पूर्वीसारखं काहीतरी दे ना वाचायला. हलकं. ज्यात कुणाला काही होत नाही असं."

हे मागणं बाईंनी आयुष्यभर ऐकलं होतं आणि आयुष्यभर त्याची टिंगल केली होती. या वेळी मात्र त्यांनी रात्रभर मनातल्या मनात सगळी कपाटं धुंडाळली. हे नको, त्यात लग्न मोडतं. ते नको, त्यात आजी जाते. जुन्या पुस्तकांत शेवटी कुणी ना कुणी मरतंच, हे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. आणि मग त्यांना पिवळं आठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ते पिशवीत घातलं. घड्याळजी तेव्हा काउंटरशीच होते.

"पिवळं कुणाला दिलंत बाई?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"भाचीला नेतेय. पोरगी हसली तर तुमचे उपकार."

भाचीचं काय झालं होतं ते रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. घड्याळजींना तर नक्कीच, कारण त्या पोरासाठी बाईंनी त्यांच्याच दुकानातून एक लहानसं, टकटक करणारं खेळण्यातलं घड्याळ नेलं होतं. घड्याळजींचा हात काउंटरवर तसाच राहिला. त्यांनी तोंड उघडलं. ते खरंच बोलणार होते. एवढं तरी त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

"बाई, ते पुस्तक..."

"झाली तुमची दोन वाक्यं. तिसरं नको," बाई म्हणाल्या. "आज कोणतं मढं नेताय?"

घड्याळजींनी तोंड मिटलं. बाई पिशवी घेऊन जिना उतरल्या.

घरी त्यांनी भाचीला पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, "मोठ्याने वाच. तुझा आवाजच ऐकला नाही इतक्या दिवसांत." हे खरं होतं. आणि हेही खरं होतं की कित्येक वर्षांत बाईंच्या कानावर एक अख्खं पुस्तक पडलं नव्हतं. दोन दोन वाक्यांवर त्या जगत होत्या. भुकेल्या माणसाला ताटाच्या नुसत्या वर्णनावर ठेवावं, तसं.

भाची वाचू लागली. सुरुवातीला यंत्रासारखी. मग आजोबा नावेत चढताना एक पाय काठावर आणि एक नावेत ठेवून तसेच फाकत गेले, तेव्हा तिचा आवाज हलला. दोन आत्यांनी एकाच छत्रीवर आपापलं नाव घातल्याचं निघालं, तेव्हा ती हसली. हसली! बाईंनी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. दुपारी पडदे ओढून, वाळ्याच्या रंगाच्या त्या उजेडात, दोघी रोज वाचत. भाची वाचायची, बाई डोळे मिटून ऐकायच्या, आणि मधूनमधून, सगळं आधीच माहीत असल्याच्या थाटात, मान डोलवायच्या. "हां, हा काका पुढे बघ काय करतो." काका काही ना काही करायचाच.

एकदा वाचता वाचता थांबून भाची म्हणाली, "मावशी, मी इथेच राहू का गं? म्हणजे उन्हाळ्यानंतरही. तिकडे सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात. तू बघत नाहीस."

"राहा की," बाई म्हणाल्या. "घर काय माझ्या बापाचं आहे? तुझंच आहे." आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दुपारी पुस्तक मध्यावर आलं. नाव एका रुंद, शांत पाण्यात आली होती. सगळे जेवून पेंगले होते. प्रकरण संपलं तेव्हा भाचीने पान उलटण्याआधी आळस दिला.

"पुरे का आज?"

"छे गं! वाच," बाई म्हणाल्या. "खरी मजा तर आता पुढे आहे."

भाचीने पान उलटलं. ती वाचत गेली. शेंडेफळ कुणाच्या मांडीवर आहे असं प्रत्येकाला वाटतंय. आजोबांना वाटतंय आत्याकडे, आत्याला वाटतंय काकाकडे. पाण्यावर एक छोटी टोपी तरंगतेय. भाचीचा आवाज बदलला नाही. एका सपाट सुरात ती वाचत राहिली. काकाने उडी मारली, पोराला वर आणलं, आईच्या हातात दिलं. आई त्याचं अंग पुसत होती, केस पुसत होती, पुसतच होती. बाईंना 'थांब' म्हणायचं होतं. पण ज्याने पुस्तक वाचलंय तो इथे थांब कसं म्हणेल? त्याला तर हे आधीच माहीत असणार. भाचीने प्रकरण शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"मावशी, हे तू वाचलं होतंस?"

"बिनवाचलेलं पुस्तक मी कधी कुणाला दिलंय?" बाई म्हणाल्या. जीभ आपणहून बोलली. इतक्या वर्षांची सवय.

"मग मला का दिलंस?"

"रडली नाहीस ना अजून. रडून मोकळी व्हावीस म्हणून दिलं."

"खरी मजा पुढे आहे, म्हणालीस."

भाची उठून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिने मावशीचे दोन्ही हात हातात घेतले. "मावशी, ऐक. परवा तू माझ्या कपात चहा ओतलास तो काठावरून बशीत गेला, तरी ओतत होतीस. काल पेपर उलटा धरून बसली होतीस. मला कळतं गं. तुला दिसत नाही. तू हे वाचलेलं नाहीस. कुणीतरी तुला काहीतरी सांगितलं आणि तू विश्वास ठेवलास. एवढंच झालंय ना? एकदा म्हण. 'नाही वाचलं' म्हण फक्त. मी इथून हलणार नाही. जन्मभर तुला वाचून दाखवीन. कुणाला सांगणार नाही."

बाईंच्या डोळ्यांपुढे, म्हणजे जिथे डोळ्यांपुढे काही यायचं तिथे, समितीचे तिघे म्हातारे आले. हार आला. स्टुलावर बसलेली पुतणी आली. रांगेत पिकणारी खसखस आली, आणि ती त्यांच्यावर पिकलेली होती. ज्या ज्या माणसाला त्यांनी त्या काउंटरवर सोललं होतं, तो प्रत्येकजण त्या हशात होता. पोरीने हात घट्ट धरले होते. तिचा चेहरा समोर होता आणि समोर असल्यामुळेच नेमका दिसत नव्हता.

"म्हण ना, मावशी. नाहीतर मला असं समजावं लागेल की सगळं माहीत असून तू मला हे वाचायला लावलंस. मग मला तुझ्याकडे राहता येणार नाही."

"मला सगळं दिसतं," बाई म्हणाल्या. "वाचलंय मी ते."

भाचीने हात सोडले. ती तेव्हाही रडली नाही. रात्री बॅग भरल्याचा आवाज बाईंनी पलंगावर पडून ऐकला. एक शब्द, इतका लहान शब्द, आणि तो ओठांपर्यंत येऊन येऊन परत जात होता. सकाळी बोलू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी भाची अंघोळीला गेली असताना त्या किल्ल्या घेऊन वाचनालयात निघून गेल्या.

त्या दिवशी रांग मोठी होती. उन्हाळ्याची पुस्तकं न्यायचा शेवटचा दिवस. शिवणकाम करणाऱ्या टेलरबाई होत्या, बँकेतला कॅशियर होता, शाळेतल्या दोन शिक्षिका होत्या, आणि सगळ्यांच्या मागे घड्याळजी. बाई गाठी मारत होत्या, पण आज तोंड चालत नव्हतं. लोकांना चुकल्यासारखं झालं.

दारात निळा रंग उभा राहिला. मग पावलं आली, ओळखीची. भाचीने बॅग खाली ठेवली. रांगेने तिला पुढे जायला जागा दिली. तिचं काय झालं होतं ते सगळ्यांनाच माहीत होतं. तिने पिवळं पुस्तक काउंटरवर ठेवलं.

"परत करायला आलेय, मावशी. काल रात्री पूर्ण केलं."

नियमाप्रमाणे आता बाईंनी म्हणायला हवं होतं, दोन वाक्यं. त्या म्हणाल्या नाहीत. पण नियम भाचीलाही पाठ होता, तिच्या लहानपणापासून. रांग कान टवकारून होती. मागे घड्याळजींनी मान खाली घातली.

"पुस्तक फार चांगलं आहे," भाची म्हणाली. "शेवट सांगत नाही, तो मावशीला माहीतच आहे."

तिने बॅग उचलली. निळा रंग दारातून गेला. जिन्यावर पावलं वाजली आणि खालच्या रस्त्यावरच्या गलबल्यात मिसळली. बाईंचा हात पिवळ्या कव्हरवर होता. त्या नावेत पुढे काय झालं, ती आई पुन्हा कधी हसली की नाही, ते फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक आत्ताच जिना उतरून गेली होती आणि दुसरा मागे मान खाली घालून उभा होता. विचारायचं तर कुणाला?

टेलरबाई पुढे सरकल्या. "चांगलं म्हणाली ना? मग बाई, तेच बांधा मला. हलकंफुलकंच असेल."

"हे नाही," बाई म्हणाल्या.

"का हो?"

बाईंनी पुस्तक छातीशी धरलं. काल दुपारपासून जो शब्द ओठांवरून परत फिरत होता, तो आता भलत्याच माणसासमोर, भर रांगेत, पडल्यासारखा बाहेर पडला.

"मी हे वाचलेलं नाही. मला वाचता येत नाही. दिसत नाही मला."

बाई हशाची वाट बघत राहिल्या. हशा आला नाही. टेलरबाई नुसत्या चुकचुकल्या.

"अहो बाई, ते काय आज कळलं होय?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांना केव्हापासून ठाऊक आहे. घड्याळ नसलेल्या भिंतीकडे बघून वेळ सांगायचात तुम्ही. समितीतले काकासुद्धा म्हणतात, बसू दे बाईंना, कुठे जाणार बिचाऱ्या. तुम्ही आपलं पुस्तक कसं आहे तेवढं सांगा."

मागून कॅशियर म्हणाला, "बाई, जरा लवकर, ऊन वाढतंय."

बाईंनी स्टूल सोडलं. काउंटरची फळी उचलून त्या बाहेर आल्या. माणसं बाजूला झाली. जिना पायांना पाठ होता, तो त्या धावतच उतरल्या, त्या वयात, एका हातात पुस्तक घेऊन. रस्ता भाजत होता. समोर बघितलं की समोरचं पुसलं जात होतं, म्हणून त्या मान तिरकी करून धावत होत्या आणि लोकांना धडकत होत्या. एकाने शिवी दिली. दूर, पेट्रोल पंपाच्या वळणाशी, नजरेच्या कडेला, निळा रंग होता.

"अगं थांब! थांब गं बाळ!"

निळा रंग थांबला. बाईंनी त्याला गाठलं आणि दोन्ही हातांनी त्याची बाही घट्ट धरली. पुस्तक खाली पडलं.

"नव्हतं वाचलं गं मी," त्या म्हणाल्या. धापेने त्यांना बोलता येत नव्हतं, तरी त्या बोलत होत्या. "तू म्हणालीस तेच खरं. एक अक्षर दिसत नाही मला. खोटं बोलले मी तुझ्याशी. राहा ना गं, जाऊ नकोस. चल घरी."

त्यांच्या मुठीतून बाही हळूच सोडवून घेतली गेली.

"आजी," एक परका, सालस आवाज म्हणाला, "तुम्हाला रस्ता ओलांडायचाय का?"